कप्तान जेवायला बसतात

ज्यांचा उभा जन्म हॉटेलात लोकांना वाढण्यात गेला, त्या कप्तानांना स्वतः बाहेर जेवायला जाणं म्हणजे शुद्ध खुळेपणा वाटायचा. कप्तान म्हणजे वाढप्यांचा म्होरक्या. पण गल्लीतसुद्धा त्यांना सगळे कप्तानच म्हणत.

"अगं, मला आतलं माहीत आहे," ते बायकोला समजावत. "सूप म्हणजे गरम पाणी. बाकीचे पैसे झुंबराचे, गालिच्याचे आणि माझ्या गळ्यातल्या बो-टायचे."

"असेनात का. मला एकदा नुसतं बसायचंय. समोर उभं राहून कुणीतरी 'काय आणू?' विचारायला हवं. लग्न झाल्यापासून या घरात ते मीच विचारतेय."

अखेर एका सुट्टीला कप्तानांनी हात टेकले. स्वतःच्या हॉटेलात जाण्याची सोय नव्हती. तिथल्या मंडळींनी त्यांना जन्मभर चिडवलं असतं. म्हणून दोघं पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या हॉटेलात गेली. बायकोने ठेवणीतले कपडे घातले होते. कप्तानांनी मेनूकार्डाची आधी उजवी बाजू वाचली.

"इथे पाण्यालाही भाव आहे."

"मग पिऊ नका. बघत बसा."

सूप मागवून झालं. एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतली घंटी वाजली, टिंग. कप्तान ताडकन उठले. हात धुवायला गेले असतील, असं बायकोला वाटलं. बघते तर काय, स्वारी खांद्यावर नॅपकिन टाकून, डाव्या हातावर तीन बश्या तोलत खिडकीजवळच्या कुटुंबाला वाढतेय.

"साहेब, ते माझं टेबल आहे हो," तिथला मिशीवाला वाढपी काकुळतीला आला.

पुन्हा टिंग. कप्तान पुन्हा गेले. या वेळी सूप त्यांच्याच टेबलाचं होतं. ते अदबीने वाकले. "सूप, मॅडम. मिरपूड घालू का?" मग नजर वर गेली आणि मॅडमची ओळख पटली.

घरी ज्याने कधी पाण्याचा पेला पुढे केला नव्हता, तो नवरा मिरपूड घेऊन उभा होता. बायकोने संधी सोडली नाही.

"घाला. आणि लिंबू आणा जरा."

आइस्क्रीम येईपर्यंत तिने त्यांना टेकू दिलं नाही. मिशीवालाही निवांत भिंतीला टेकून बघत राहिला.

बिल बघून कप्तानांचा चेहरा पडला. "तरी मी म्हणत होतो. परवडलं का काही?"

"मला परवडलं," ती रुमालाने ओठ टिपत म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा. तुम्ही जेवलात कुठे?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कप्तान घरी पेपर वाचत बसले होते. आतून पेल्यावर चमचा वाजला, टिंग. पेपर खाली पडायच्या आत ते स्वयंपाकघरात हजर. बायको टेबलाशी हाताची घडी घालून बसली होती.

कप्तान क्षणभर ओशाळले, मग कमरेत वाकले. "काय आणू, मॅडम?"

"आधी तुमची खुर्ची आणा," ती म्हणाली. "आज बसून जेवायचं."