नलिनी परबचा हिरवा ठिपका

वाकोल्याची नलिनी परब म्हणजे पायाला भिंगरी लावलेली बाई. सांताक्रूझच्या एका खाजगी इस्पितळात बावीस वर्षं स्टोअर सांभाळते. सांभाळते म्हणजे खुर्चीत बसून नव्हे हो! रोज चारही मजले चढायचे, कपाटं उघडायची, कुठे कापूस संपत आलाय, कुठे हातमोजे, ते बघायचं आणि कुणी मागायच्या आत नेऊन ठेवायचं. सिस्टर लोकांना मागायची सवयच उरली नव्हती.

मग मार्चात ते नवं ॲप आलं. आता बोलायचं त्यातच, मागण्याही त्यातच टाकायच्या. नव्या मॅनेजरने, सुयोगसरांनी, एका दुपारी सगळ्यांना शिकवलं आणि खरं सांगायचं तर नलिनीला ते आवडलंही. तिच्या अक्षताने आईचा झकास फोटो लावून दिला. नावाशेजारी हिरवा ठिपका, म्हणजे माणूस जागेवर आहे. पण कॉम्प्युटरला पाच मिनिटं हात लागला नाही, की तो पिवळा होतो, हे मेलं कुणाच्या लक्षात राहणार?

महिनाभराने सरांनी बोलावलं. दिवसातले सहा तास नलिनी पिवळी! आणि तिचं वर्षाचं कंत्राट पुढच्याच महिन्यात संपत होतं.

"सर, मी वॉर्डात असते ना."

"असाल हो ताई. पण ते इथे दिसत नाही. आणि मालक हेच बघतात."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. भांडायचं कुणाशी, ठिपक्याशी?

त्या दिवसापासून ती माऊस हलवत बसून राहिली. पाय नुसते शिवशिवायचे. स्क्रीनवर मागणी काही येईना, कारण टाइप करायला सिस्टरांचे हात मोकळे कुठे होते? तिसऱ्या मजल्यावरचं गॉझ सोमवारी संपणार, हे तिला न बघताही ठाऊक होतं. खोका बांधून तिने पायाशी ठेवला, पण स्टोअरला ती एकटीच. नेणार कोण? जीव नुसता तुटत होता.

सोमवारी फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरची अनुपमा सिस्टर. पंधरा वर्षांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं.

"नलूताई, पेशंटचं ड्रेसिंग उघडलंय आणि गॉझच नाही गं. वर ये ना."

नलिनी खोका उचलून अर्धी उठली. ठिपका हिरवा होता. ती पुन्हा खाली बसली.

"कुणाला तरी खाली पाठव गं. मला उठता येत नाही."

अनुपमाने काळजीने विचारलं, पायाला काही लागलं का.

नलिनी हो म्हणाली.