चार नंबरचा ठोका

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचो ते टाइमपास म्हणून. वळणावरचा म्हातारा, चिंचेखालची बाई... वाचायचो आणि बायकोला वाचून दाखवून हसायचो. माझा धंदा मेकॅनिकचा. आमच्याकडे आवाज आला की त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर मेकॅनिक कच्चा. आज मीच लिहितोय, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, मोबाईलवर. चुका सांभाळून घ्या.

राहतो छत्रपती संभाजीनगरात, पुंडलिकनगरला. तीस वर्षं गॅरेज चालवलं. वडील पाचोडकडं मेंढरं राखायचे; कळपातलं कुठलं जनावर आजारी पडणार हे चालीवरून दोन दिवस आधी सांगायचे. माझं तसं इंजिनाचं. जुनी गाडी घ्यायची असली की लोक मला सोबत नेतात. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची... आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं.

आता लपवलेली गोष्ट सांगतो. दीड वर्षापूर्वी तापात माझा उजवा कान गेला. पूर्ण गेला. आतली नसच गेली, परत येणार नाही, असं डॉक्टरांनी मशीनवर तपासून सांगितलं. डावाही अर्धाच. घरात, बाहेर, कुणालाच बोललो नाही. ज्याचं नाव कानावर झालं त्यानं बहिरा झालो म्हणून सांगायचं कुठल्या तोंडानं?

माझी मुलगी अश्विनी सव्वीस वर्षांची आहे, वाळूजला कंपनीत इंजिनिअर. शाळेपासून गॅरेजमध्ये पडीक असायची. इंजिनाच्या मागच्या बाजूला माझा हात पुरत नसला की पेचकसाचं टोक तीच धरायची, मी मुठीला कान लावायचो. तिला एकच वेड – दोन दारांची स्पोर्ट्स कूपे. नवी आपल्याला कुठली झेपायला, म्हणून जुनी शोधत होती. गेल्या महिन्यात गंगापूरला सापडली. जपानी, लाल, वीस वर्षांची.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. सोबत माझा जुना दोस्त सलीमभाई, त्याचा इंजिन तपासायचा स्कॅनर घेऊन. गाडीचे मालक साठीतले.

"हात लावून बघा बोनेटला, गार हाय. कालपास्नं चालूच नाय केली, तुम्ही येणार म्हणून," ते म्हणाले.

माणूस सरळ होता. लबाड मालक आधीच इंजिन गरम करून ठेवतो, म्हणजे गार इंजिनाची खोड झाकली जाते. मी ऑइलचं झाकण उघडलं, आत पांढरा फेस नाही. चालू करून पाहिली, धूर स्वच्छ. खाली लोळून चॅसी पाहिली, गंज नाही. दारांच्या फटी सारख्या, टायमिंग बेल्ट बदललेला. एवढ्या जुन्या गाडीत खोट सापडेना म्हणून मीच चिडायला लागलो. डाव्या कानानं इंजिन ऐकलं. ठीक वाटलं, पण डाव्याचा भरवसा किती?

राहिला मागचा, चार नंबरचा सिलिंडर. हात पोचेना. अश्विनीनं सवयीनं पेचकसाचं टोक धरलं, मीही सवयीनं मूठ कानाला लावली. उजव्या.

टक. टक. टक... आणि रिकामं. पुन्हा टक, टक, टक... रिकामं.

दीड वर्षानं त्या कानात आवाज आला होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इंजिनाचा ठोका इतका संथ नसतो, हे नवशिक्यालाही कळतं. मला कळलं नाही. ऐकू येतंय याच आनंदात मी येडा झालो होतो.

"अशू, मिसिंग आहे. चार नंबर ठोका गाळतोय."

"काय पप्पा! सायलेन्सरपाशी हात धरा, एकसारखं फेकतंय. मिसिंग कुठंय?"

सलीमभाईनं स्कॅनर लावला. मग पेचकस स्वतः धरून ऐकलं. "उस्ताद, मिसिंग-बिसिंग कुछ नई. इंजिन मक्खन हय."

मी पेचकस हिसकावला, अश्विनीला पुन्हा टोक धरायला लावलं. टक, टक, टक, रिकामं. स्पष्ट! मी मालकांना तिथंच नाही म्हणून सांगितलं. त्यांना ते लागलं.

परतीच्या रस्त्यात सलीमभाई उतरला. मग अश्विनी म्हणाली, "पप्पा, तुमचा उजवा कान गेलाय. मला माहितीये. दीड वर्ष मी मुद्दाम तुमच्या डावीकडं बसते, कळलं नाय का तुम्हाला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला आवाज आला अशू, तुझी शपथ."

"बरं. नाय घेत गाडी." आणि ती रडायला लागली. माझ्या शब्दाखातर तिनं ती गाडी सोडली. बाप म्हणून मी खूशच झालो, खोटं कशाला बोलू. पोरीचा जीव वाचवला असं वाटलं. दमल्यासारखं होतं म्हणत होती त्या दिवसांत. मी म्हटलं, शिफ्टमुळं असेल.

अकरा दिवसांनी ती घराच्या जिन्यात कोसळली.

दवाखान्यात आणेपर्यंत हृदय दोनदा थांबलं होतं. डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगणारे. त्यांनी मला समोर बसवलं आणि पेनानं टेबलावर वाजवून दाखवलं.

"हे बघा काका, तिचा ठोका मधेच गळत होता. तीन लागायचे, चौथा गळायचा. असा."

टक. टक. टक... रिकामं.

टेबलावरचा तो ठोका मी डाव्या कानानं ऐकला, पण ओळखीचा होता तो उजव्याच्या. गाडीत काही नव्हतंच. सलीमभाईनं स्वतः धरलं तेव्हा त्याला काही ऐकू आलं नाही. मला आलं ते दोन्ही वेळा अशूनं टोक धरलेलं असताना. पेचकस तिच्या मुठीत होता. मी गाडी नापास केली आणि पोरीला पास करून घरी घेऊन आलो!

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, काका, नस गेलेल्या कानाला काही ऐकू येत नाही, आणि पेचकसातून हृदय तर मुळीच नाही. कान पुन्हा तपासला. मेलेलाच आहे. मग मी काय ऐकलं? आणि कोण मला ऐकवत होतं? ऐकवायचंच होतं तर नीट सांगायचं ना, मेकॅनिकला मेकॅनिकच्या भाषेत कशाला सांगितलं! कुणाला काही उलगडा होत असेल तर लिहा. मला होत नाही.

आता तिच्या छातीत पेसमेकर बसवलाय. ठोके बरोबर पडतात म्हणतात. पण ती शुद्धीवर आलेली नाही. कधी येईल ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि मी विचारलं की नजर चुकवतात.

दुपारी चार वाजता पाच मिनिटं मला आत सोडतात. मी तिची मूठ उचलतो आणि उजव्या कानाला लावून धरतो. काहीच ऐकू येत नाही. गाडी बोलत नाही म्हणजे ती चांगली, असं आमच्यात समजतात. पण हे गप्पपण ती बरी झाल्याचं आहे की माझ्या मेलेल्या कानाचं, ते मला कळायला मार्ग नाही.

काल तर माझ्या तोंडून निघून गेलं, "अशू, एकदा गाळ ना ठोका. एकदाच. मला ऐकू येऊ दे तू आहेस ते."

नर्सनं माझ्याकडं वळून पाहिलं. मी बाप असून काय मागतोय ते माझ्या लक्षात आलं, आणि मी तिचा हात हळूच चादरीवर ठेवला.