आयदेला घेऊन डोंगरापार

कॅप्टन ओरमांदो नोसा यांना आमच्या त्रिनिदाद गावच्या विमानतळावर सगळे ‘कान’ म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं. काचेवरून सरकणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकून ते विमानाचा वेग सांगायचे, आणि काटा बघितला तर बहुतेक वेळा तेवढाच निघायचा.

त्या काळी पुराच्या दिवसांत बेनीच्या सखल मुलखात रस्ता नावाची चीज उरत नसे. गुरांच्या मळ्यांवरचं मांस, मिठाची पोती, शाळामास्तरणी, नवऱ्या मुली आणि त्यांचे झगे, सगळं आम्हीच उडवत न्यायचो. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर दुय्यम वैमानिक म्हणून बसायला लागले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. विमान उतरायच्या एका गवताळ पट्टीवरून बैल हाकलताना त्यांच्या डाव्या खांद्याला धडक बसली होती. लांबच्या चढणीत दांडा धरून तो हात भरून यायचा. मग ते शीळ घालायचे. दुखतंय असं तोंडानं कधी म्हणाले नाहीत.

त्याच वर्षी आमच्या कंपनीनं सहा आसनी नवं विमान आणलं. त्यात ऑटोपायलट होता. पत्त्यांच्या जोडाएवढी डबी, वर चार-पाच बटणं.

“चाळीस वर्षांत बायकोला माझी दाढी करू दिली नाही,” कॅप्टन म्हणाले, “आणि ही डबी माझं विमान हाकणार?”

“काका, खांद्याला आराम पडेल,” मी म्हटलं.

“खांदा माझा, आराम तुला कशाला हवा गं सुलेमा?”

डबी तशीच राहिली. तिच्यावर ते टोपी ठेवायचे.

त्यांची बायको आयदे बाजाराच्या कोपऱ्यावर कुन्यापे, म्हणजे चीजचे छोटे पाव, भाजून विकायची. नवरा जन्मभर उडत होता, पण ती एकदाही विमानात बसली नव्हती. “घरातल्या एकानं तरी जमिनीवर असावं,” असं म्हणायची. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. कुन्यापे करपायला लागले, गिऱ्हाईक ओळखू येईना. डोळ्यांचा डॉक्टर डोंगरापलीकडे कोचाबांबाला, आणि रस्ता पाण्याखाली. शेवटी मुलीनं आईची पिशवी भरली आणि बापाला सांगून टाकलं, “उद्या तूच घेऊन जा तिला.”

सकाळी कॅप्टन इस्त्रीचा सदरा घालून आले. डबीवरची टोपी त्यांनी उचलून मागे ठेवली.

“आज ही लावू,” माझ्याकडे न बघता म्हणाले. “अंगठ्याएवढाही झोका नको बसायला तिला. जिन्यावरून चढल्यासारखं वर जायचं.”

पट्टी सोडली, आणि त्यांनी दर मिनिटाला सातशे फूट चढायचं बटण दाबलं. खाली चमकणारं पाणी, त्यात बेटासारखी उभी गुरं. चढ खरोखर जिन्यासारखा एकसारखा होता. कॅप्टन खूश झाले. पायथ्याच्या टेकड्या आल्या, हवा विरळ झाली, तसा प्राणवायू लावायचा झाला. त्यांनी मागे वळून आयदेच्या नाकात नळी बसवायला घेतली.

“वेसण घालतोस मला?” ती ओरडली.

“चाळीस वर्षांपूर्वीच घालायला हवी होती!”

“तेव्हा तुझ्याकडे दोरीला पैसे तरी होते का?”

ते हसत होते, नळी तिच्या कानामागे अडकवत होते. इकडे टेकड्यांवरून खाली उतरणारा वारा आम्हाला दाबत होता. डबीला सांगितलं होतं सातशे फूट, म्हणून ती सातशेच देत राहिली. त्यासाठी ती नाक वर उचलत गेली, आणि वेग खाली खाली आला. इंजिनही तापायला लागलं.

“काका, वेग!” मी म्हणाले, आणि हात दांड्याकडे नेला.

पण त्याआधीच त्यांचं हसणं थांबलं होतं. वारा काचेवर बोलेनासा झाला होता. ते गर्रकन वळले तोच पंखातली इशाऱ्याची शिट्टी किंचाळली: आणखी वेग पडला तर विमान कोसळणार. त्यांनी डबी बंद केली आणि नाक खाली ढकललं. आयदेच्या मांडीवरची पिशवी उलटी झाली. दोन दीर्घ श्वासांत विमान पुन्हा धावायला लागलं.

“ती शिट्टी कसली रे?” मागून आयदेनं विचारलं.

“काही नाही. ड्यूटीवर आहे ना मी, डुलकी लागू नये म्हणून वाजते.”

त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, आता टोपी पुन्हा डबीवर जाणार. पण ते काही वेळ हातानं विमान सांभाळत राहिले. मग हळूच मला म्हणाले, “पोरी, ते वेग धरणारं बटण कुठलं गं?”

मी दाखवलं. त्यांनी शंभर नॉटवर वेग बांधला आणि हात अलगद काढून घेतला. आता डबी उलटं करू लागली. वारा खाली दाबायला लागला की नाक थोडं खाली घ्यायची, चढ कमी करायची, पण वेग सोडायची नाही. वारा उचलायला लागला की आम्ही भराभर वर. जिना मोडला होता. कधी शंभर फूट, कधी नऊशे. इंजिन थंड होत गेलं.

पण अशा चढणीनं समोरच्या डोंगराची धार ओलांडण्याइतकी उंची वेळेत मिळेना. कॅप्टननी विमान वळवलं आणि शेवटच्या टेकड्यांवर, मोकळ्या आभाळात, घिरट्या घालत चढायला लागले.

“रस्ता चुकलास ना?” आयदे.

“नाही गं. उंची गोळा करतोय.”

“बाजारात पन्नास बायकांना सांगून आलेय, नवरा सरळ घेऊन जाणार म्हणून!”

“त्यांना सांग, तुला फिरवून आणली.”

तिसऱ्या फेरीनंतर धार आमच्या खाली आली. बर्फाची शिखरं उजळली होती. आयदेनं काचेला नाक लावलं आणि म्हणाली, “मला नुसतं पांढरं दिसतंय. बर्फ आहे की माझे डोळे?”

कॅप्टननी मागे हात केला. तिनं तो धरला, आणि कोचाबांबाची दरी येईपर्यंत सोडला नाही.

दोन्ही डोळ्यांचं काम होईपर्यंत तीन आठवडे गेले. परत न्यायला आम्हीच गेलो. पायऱ्या चढून आत आल्यावर आयदे नवऱ्याकडे बघतच राहिली.

“अरे देवा, ओरमांदो! किती म्हातारा झालास तू! आणि मला कुणी सांगितलं नाही!”

“म्हणून तर इतके दिवस तुझे डोळे दुरुस्त करत नव्हतो,” ते म्हणाले.

त्या दिवशी शिखरं बघून झाल्यावर त्यांनी तिला शिट्टीचं खरं काय ते सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आयदे म्हणाली, “मला हसवत होतास म्हणून झालं ना? पुढच्या वेळी रडव. पण पुढे बघ.”

पुढच्या वेळा खूप झाल्या. कुन्यापेची टोपली घेऊन ती महिन्याकाठी आमच्याबरोबर यायची आणि डोंगरातल्या लोकांना विकायची. कॅप्टन चढणीत वेग बांधायचे, खांदा मोकळा सोडायचे आणि खिडकीतून नद्या दाखवायचे. घाईचं गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, “चढतंय की. उतरायचंय का इथं?” त्या डबीनं त्यांना आणखी पाच वर्षं आभाळात ठेवलं. ती माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं.

मग वैद्यकीय तपासणीत त्यांना अडवलं. त्यांनी वाद घातला नाही. दुपारी दोघं मोटारसायकलवरून विमानतळाच्या कुंपणाशी यायची, चिंचेचं सरबत पीत आंब्याखाली बसायची. आयदे उडणाऱ्या विमानांवरची अक्षरं मोठ्यानं वाचायची आणि आत कोण बसलंय यावरून दोघांची भांडणं व्हायची.

आता डोंगरापर्यंत पक्का रस्ता झालाय. मांस ट्रकनं जातं. आधी कॅप्टन गेले, दोन वर्षांनी आयदेकाकू. आंबा पट्टी रुंद करताना तोडला. मी अजून उडते, पण दुपारी उड्डाण असलं की कुंपणाच्या त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत नाही.