तांबड्याचा कान

विमा हा शब्द तीस सालानंतरच्या त्या दिवसांत चांदवडजवळच्या आमच्या गावात कोणाच्या तोंडी नव्हता. विमा असायचा तो नाशिकच्या वकिलांचा आणि डॉक्टरांचा. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, एकदा नाशिकला शेतीचं प्रदर्शन बघायला गेले आणि डोक्यात एक खूळ घेऊन परतले. सुगीला प्रत्येकाने दर बैलामागे थोडी बाजरी द्यायची, ती एकत्र विकून फंड करायचा, आणि कोणाचा बैल मेला की त्यातून त्याला दुसरा बैल घेऊन द्यायचा. रोख पैसा मागितला असता तर आबांना कोणी दारात उभं केलं नसतं. बाजरी मात्र घरोघरी होती. हे त्यांना सुचलं याचं मला आजही कौतुक वाटतं, आणि पुढे जे झालं त्याचा रागही तितकाच येतो.

लोक आधी हसले. चालत्याबोलत्या बैलाच्या मरणाची तजवीज करायची म्हणजे मरणाला आवतण देणं, असं बायका म्हणायच्या. आबा पायाला भिंगरी लावल्यासारखे वस्त्यावस्त्यांवर फिरले, कुठे जेवले, कुठे शिव्या खाल्ल्या. पुरुषांची शंका जास्त वाजवी होती. एखादा मनमाडच्या बाजारात बैल विकून येईल आणि मेला म्हणून सांगेल, त्याचं काय? त्यावर आबांनीच नियम काढला. फंडातल्या प्रत्येक बैलाच्या कानात पितळी बिल्ला ठोकायचा, आणि बैल मेला की बिल्ला कानासकट कापून पंचांपुढे आणायचा. नुसता बिल्ला जिवंत बैलाचाही काढता येतो, पण विकायच्या बैलाचा कान कोण कापणार? हे सगळ्यांना पटलं.

सगळ्यात आधी बिल्ले लागले ते आत्याच्या जोडीला. आत्या ही आबांची धाकटी बहीण, शेजारच्याच वस्तीवर राहणारी. नवरा तापाने गेला होता, मूलबाळ नव्हतं. एक सालदार हाताशी धरून ती शेती करायची आणि पेरणीला पाभरीच्या चाड्यावर स्वतः मूठ धरून बी सोडायची. दिराचा तिच्या जमिनीवर डोळा होता. बाईमाणसाच्याने शेती व्हायची नाही, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. त्याला उत्तर म्हणजे आत्याचा तांबडा आणि पांढरा. ती जोडी होती तोवर तिचं घर तिचं होतं.

पेरणीच्या तोंडावर तांबड्याला फऱ्या रोग झाला. सकाळी त्याची मांडी सुजली, संध्याकाळी त्याने वैरण तोंडात धरली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. आबा तेव्हा मनमाडकडच्या गावांत लोकांना फंड समजावून सांगत होते. आत्याच्या सासरी घरचा बैल घरच्या शेतातच पुरायची रीत होती, आणि मेलेल्या बैलाला हत्यार लावायचं नाही अशीही. शेजाऱ्यांनी बांधाखाली खड्डा खणला. आत्याने तांबड्याला हळद लावली, आपल्याकडचं एक धड लुगडं त्याच्यावर पांघरलं आणि त्याला मातीआड केलं. कोणीतरी तिला कानाची आठवण करून दिली होती. ती म्हणाली होती, सगळ्या वस्तीनं बघितलंय, दादाला आणखी काय पाहिजे.

आबा आले आणि आमच्या ओसरीवर पंच बसले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने स्वतः तांबड्याला खांदा लावला होता. तो म्हणाला, डोळ्यांनी बघितलंय, देऊन टाकू. बाकीचेही तयार होते. एकटे आबा तयार नव्हते. पहिलाच बैल, आणि तो फंडवाल्याच्या बहिणीचा. उद्या लोक म्हणतील, यानं आपल्या घरासाठीच बाजरी गोळा केली. त्यांनी आत्याला समजावलं, खड्डा उकरू, तेवढा कान काढू, पुन्हा बुजवू. मी स्वतः करतो, तू तिकडे येऊ नको.

आत्या दाराशी उभी होती. "दादा, मी त्याला माझ्या हातानं झाकलाय," ती म्हणाली. "तुला माझ्या शब्दापरीस त्याचा कान खरा वाटत आसंल, तर ऱ्हाऊ दे. मला नाय पायजे बैल."

आबांचाही नाइलाज होता, असं आई पुढे पुष्कळ वर्षं म्हणायची. मला तसं कधी वाटलं नाही. चार पंच हो म्हणत असताना एकट्याने ताठ राहायला नुसता नाइलाज पुरत नाही, थोडी हौसही लागते.

आमची पेरणी उरकल्यावर आबा स्वतःची जोडी घेऊन आत्याच्या शेतात गेले. तोपर्यंत पावसाने दडी मारली होती आणि वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उडाला होता. मधल्या दिवसांत आत्याने पांढऱ्याला दुसऱ्याच्या एकट्या बैलाबरोबर जुंपायचा प्रयत्न केला, पण उसन्या बैलाची पाळी शेवटी येते, तशीच ती आली. बाजरी उगवली ती टकलावरच्या केसांसारखी, इथे चार ताटं, तिथे दोन.

फंडाचं मात्र भलं झालं. सख्ख्या बहिणीला दिलं नाही तो माणूस आपल्याला फसवायचा नाही, असं गावोगाव झालं. जिथे आबांना पाणी विचारत नव्हते तिथली माणसं आपण होऊन बाजरी घेऊन आली. पुढे पंचांनी नियमही बदलला, कानाऐवजी दोन शेजाऱ्यांचा शब्द पुरे असं ठरलं. ते सुचवलं आबांनीच. कितीतरी घरांची पेरणी त्या फंडाने वाचवली, हे मी नाकारत नाही. पण तो उभा राहिला तो माझ्या आत्याच्या घरावर.

नियम बदलायच्या आधीच, त्या संक्रांतीनंतर, आत्या आमच्याकडे राहायला आली. जमीन दिराने वाट्याने करायला घेतली होती, आणि ती आता परत मिळायची नाही हे तिलाही ठाऊक होतं. डोक्यावर बोचकं आणि हातात पांढऱ्याचं दावं, एवढंच घेऊन ती आली. आबा गोठ्यापाशी उभे होते. ती रडली नाही, भांडली नाही. पांढऱ्याचा बिल्ल्याचा कान तिने हातात धरला आणि आबांकडे केला.

"दादा, ह्यो बी तुझ्याच फंडातला हाय," ती म्हणाली. "ह्याचा कान आत्ताच कापून ठेव. मेल्यावर माझ्याकडं मागू नको."

आबांनी दावं घेतलं आणि ते खुंट्यापाशी बसले. त्यांना गाठ मारता येईना. शेवटी आईने पुढे होऊन बैल बांधला.