चवळी कोणी उपटली?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच असतो.

देश सोडून आलेल्या आम्हा ज्यूंना नेगेवच्या वाळवंटाच्या कडेला जमीन मिळाली होती. जमीन कसली, भाजलेली माती! ज्वारी गुडघाभर व्हायची आणि पिवळी पडायची. माझ्या माहेरी, पेणकडे, वरकस, डोंगरउताराच्या जमिनीत नाचणीच्या ओळींमध्ये चवळी टाकतात. तिच्या पानांखाली ओल टिकते, मातीला कस येतो. मी ज्वारीत तेच केलं. काय सांगू तुम्हाला, ज्वारी हिरवीगार झाली. पहिल्यांदाच वाटलं, यंदा पीक हाती लागणार.

एका सकाळी बघते तर सगळी चवळी उपटलेली. ज्वारीला मात्र धक्का नाही.

शेजारची सुल्ताना, मोरोक्कोची, आदल्या दिवशी बांधावर उभी राहून टक लावून बघत होती. मग दुसरं कोण असणार? नळावर मी तिला नाही नाही ते बोलले. हिब्रू संपली तेव्हा मराठीत बोलले. मग तिचा हात धरून तिला रब्बींकडे, आमच्या धर्मगुरूंकडे नेलं. आमचे हे मागून "अगं, जाऊ दे" करत आले. मी म्हटलं, तुम्ही मधे पडू नका.

रब्बींनी ऐकून घेतलं. "ज्वारीत चवळी कोणी पेरली?"

"मी. या हातांनी."

"बाई, दोन जातींचं बी मिसळून पेरायला आपल्या तोरा ग्रंथात मनाई आहे."

"आमच्या गावी सगळे पेरायचे."

"तिथे चालतं. या भूमीत नाही."

बघा! पिढ्यान्‌पिढ्या या भूमीची वाट बघितली, आणि इथे येऊन पापी ठरले! वर रब्बी म्हणतात, चवळी वेगळ्या वाफ्यात पेरा, आणि ज्याने उपटली त्याने पुण्यच केलं.

म्हणजे सुल्तानाचे आभार मानायचे? ती म्हणाली, तिने पानालाही हात लावला नव्हता. तिला थोडं बी हवं होतं, मागायला संकोच वाटला, म्हणून नुसती बघत राहिली.

मागून हे खाकरले. "मी उपटली," मराठीत म्हणाले. "काल सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेलो, तिथे हा नियम कळला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायलाच नळावर आलो होतो. तू हिला बोलत होतीस. म्हटलं, सगळा राग हिच्यावर निघतोय तर निघू दे, मी वाचलो."

रब्बींना मराठी येत नव्हती, सुल्तानालाही नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. ते वाक्य हिब्रूत सांगायची पाळी माझ्यावरच आली.