म्होरं वाच

माझी नोकरी सातारा जिल्ह्यातली आणि घर मिरजेत. आई होती तोवर मी कराडजवळच्या शाळेत होते आणि रेल्वेनं जाऊन-येऊन करायचे. आई गेली आणि त्याच उन्हाळ्यात माझी बदली माण तालुक्यात झाली. दहिवडीपासून बरंच आत, एसटी दिवसातून मोजक्या वेळा येणारं गाव. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं कुणाला विचारायचं नव्हतं. तुळशीची कुंडी शेजारी नेऊन ठेवली, घराला कुलूप लावलं आणि निघाले.

शाळा चौथीपर्यंतची. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणजे सगळे वर्ग माझेच. पोरं गुणी होती, पण दुपारी ती घरी गेली की बोलायला माणूस नसायचं. भाड्याच्या खोलीत मी कुकर लावायचे आणि शिट्टी झाली की दचकायचे. इतकी शांतता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की विटा-तासगाव करत मिरजेला जायचे, बंद घर झाडायचे आणि परत यायचे.

तालुक्याला एकदा आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणारा तरुण उत्साही होता. इंटरनेटवर फुकटात काय काय मिळतं ते त्यानं दाखवलं. प्रश्नांचे खेळ, पृथ्वीचा फिरणारा नकाशा, गोष्टी वाचून दाखवणारी पानं, एकमेकांना बघत बोलायच्या मीटिंगा. बाकीच्या बाया चहाची वाट बघत होत्या. मी सगळं शिकून घेतलं. खरं सांगायचं तर मला संध्याकाळी करायला काहीतरी हवं होतं.

गावकऱ्यांनी शाळेला एक टीव्ही दिलेला होता. माझा मोबाईल त्याला जोडला की झालं. रेंज फक्त पूर्वेच्या खिडकीत यायची, म्हणून मोबाईल गजाला नाडीनं बांधायचा. पोरं नाडी बांधायला भांडायची. नकाशा लावला की आधी आपलं गाव शोधायची. वरून गाव म्हणजे तांबूस जमिनीवर सांडलेले चार पत्रे. मग ओरडा व्हायचा, "बाई, आता मुंबई!" कारण निम्म्या पोरांचे बाप तिकडं.

त्यातूनच मला सुचलं. या बापांना वर्गात बोलवायचं. पालकसभेला आया यायच्या, म्हाताऱ्या यायच्या. बाप कधीच नाही. सगळ्यांना लिंक पाठवली आणि सांगितलं, एका दुपारी पाच-दहा मिनिटं काढा आणि तुम्ही काय काम करता ते पोरांना दाखवा.

तो दिवस छान गेला. एकानं लिफ्ट चालवून दाखवली. एकजण टॅक्सी बाजूला घेऊन आरशातून बोलला. एकानं बाजारातली कांद्याची थप्पी दाखवली, त्यात तो स्वतः दिसतच नव्हता. पोरांनी विचारलेले प्रश्न मी ठरवून दिलेले नव्हते. "तुमी जेवता कुटं?" "झोपायला पंखा हाय का?" एका पोरीनं विचारलं, "पप्पा, तितं तुमाला कोण वरडतं का?" टॅक्सीवाला हसला आणि आरसा नीट करू लागला.

तिसरीतल्या एका मुलीचा बाप आलाच नाही. तो इतरांपासून लांब, भिवंडीकडच्या गोदामात हमाल होता. ती पोर नव्या रिबिनी बांधून पुढं बसलेली. शाळा सुटली तरी बसून राहिली. फुकटची मीटिंग ठरावीक वेळानं आपोआप बंद पडायची, मी ती पुन्हा पुन्हा सुरू करत होते. शेवटी तिची आई शेरडं घेऊन दारात आली, "चल गं, कामात असतील," म्हणाली आणि घेऊन गेली.

मी खिडकीतला मोबाईल सोडायला गेले आणि तो आला. पडद्यावर दाढी वाढलेला, गालफडं बसलेला माणूस.

"पोरं गेली का बाई?"

"गेली. आत्ताच. तुमची लेक वाट बघत होती."

"मुद्दाम उशिरा आलो. माफी मागायला आलो फकस्त."

त्याच्यामागं उंच कमानीची खिडकी होती. खालच्या काचा पांढऱ्या रंगानं रंगवलेल्या. दवाखान्यातल्या त्याच खिडकीखाली मी आईच्या उशाशी दोन महिने काढले होते.

"तुम्ही मिरजेत आहात," मी म्हणाले.

मोबाईल हलला, छत दिसलं, पुन्हा चेहरा आला.

"तुमाला कसं कळलं?"

मी सांगितलं. मग त्यानंही सांगितलं. ट्रकवरून पोतं घेताना पाय सरकला होता. मणक्याचं ऑपरेशन झालं. सोबतचा जतचा माणूस, त्याच्या माहितीतला दवाखाना म्हणून, त्याला मिरजेत दाखल करून कामावर परत गेला. घरी कुणाला ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी तो बायकोशी फोनवर बोलायचा, गोदामात आहे असं सांगून.

"सांगू नका बाई. तिला कळलं तर सगळं टाकून हितं येईल. आई अंथरुणाला खिळल्याली हाय. तिला कोण बघणार? मी उठून चालाया लागलो की सोताच सांगतो."

मी हो म्हणाले. त्या शनिवारी मिरजेला गेले तेव्हा घरी न जाता आधी दवाखान्यात गेले. गेटावरचा शहाळंवाला मला ओळखून म्हणाला, "परत कोण आजारी?" "ओळखीचे आहेत," मी म्हणाले.

त्याला उताणं झोपवलेलं होतं. मी केळी नेली होती. दोन परकी माणसं काय बोलणार? तो लेकीविषयी विचारत राहिला. वाचते का, कुणाशी भांडते का, डबा खाते का. मी सांगत होते आणि तो छताकडं बघत ऐकत होता. निघताना माझ्या मनात आलं ते बोलून गेले. "वर्ग चालू असताना मी मीटिंग लावून ठेवते. तुम्ही ऐकायला या. कॅमेरा बंद, आवाज बंद. नावाच्या जागी नुसतं एक अक्षर टाका."

सोमवारी तो आला. टीव्हीच्या कोपऱ्यात एक काळा चौकोन, त्यात एक अक्षर. पोरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "एक पाहुणे आहेत, आपला वर्ग बघतात." पोरांना साहेबच वाटले असणार. दोन दिवस शहाण्यासारखी वागली, मग विसरली.

मी मात्र विसरत नव्हते. पाढे चालू असताना, कविता म्हणताना माझं लक्ष त्या चौकोनाकडं जायचं. मीटिंग तुटली की पुन्हा लावायचे आणि तो लगेच यायचा. म्हणजे तिकडं तो मोबाईल हातात धरूनच असायचा. त्याच्या मुलीला मी फळ्याजवळ जास्त बोलवू लागले. ती काय म्हणते ते नीट ऐकू जावं म्हणून तिला खिडकीकडं तोंड करून उभी करायचे. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढी एक गोष्ट मी त्या गावात कुणालाच सांगू शकत नव्हते. पाण्याच्या टाकीवर तिची आई भेटायची, "बाई, जेवला का?" विचारायची आणि मला तिच्या डोळ्यांकडं बघवायचं नाही.

असं बरेच दिवस चाललं. दवाखान्यातल्या भेटीही चालू होत्या. तो आता कुशीवर वळत होता, पट्टा बांधून कॉटवर बसत होता. वर्गातल्या गमती तोच मला सांगायचा. "त्यो बुटका लय चावट हाय बाई, तुमी फळ्याकडं वळला की नकला करतो. सगळी हासत्यात. ऐकू येतंय मला." आम्ही दोघं त्यावर हसायचो. आठवडाभरातलं माझं मोठ्या माणसाबरोबरचं हसणं तेवढंच.

एक दिवस ती पोर धडा वाचत होती. जोडाक्षराचा शब्द आला आणि अडकली. सारखी तिथंच यायची आणि थांबायची. कान लाल झाले. मी मुद्दाम मदत केली नाही, येईल म्हणून. वर्ग चिडीचूप होता. आणि टीव्हीतून आवाज आला.

"सोड त्यो शबुद. म्होरं वाच."

त्याच्याकडचा आवाज कधी चालू झाला होता ते त्यालाही कळलं नसावं. लगेच बंद झाला. पोरं टीव्हीकडं बघत राहिली. ती पुस्तक धरून तशीच उभी होती. मग पुस्तक खाली ठेवून ती टीव्हीजवळ गेली आणि त्या काळ्या चौकोनावर तिनं हात ठेवला.

"बाई, ह्यात माझा पप्पा हाय."

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, "हो. बोल त्यांच्याशी." मग हळूच कॅमेरा लागला. पट्टा बांधलेला, कॉटवर बसलेला बाप दिसला. ती रडली नाही. तिनं विचारलं, "पप्पा, तुमाला काय झालंय?"

दुपारी मी तिच्या घरी गेले. तिची आई गोठ्यापाशी पाला टाकत होती. पोरीनं आधीच पळत जाऊन सांगितलं होतं.

"बाई, तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"टाकीवर रोज भेटत हुतो आपण."

"त्यांनी सांगू नका म्हटलं होतं."

"त्यांचं ऱ्हाऊ दे. ते तसंच हायत." ती पाला टाकायची थांबली नाही. "मी कुणाला इचारू मग? तुमी बाईमाणूस, तुमी तरी सांगायचं."

बोलणं तेवढंच झालं. मग पदराला हात पुसत तिनं विचारलं, "मिरजंला कुटली गाडी धरायची?" मी सांगितलं. ती घरात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. सासू आतून हाका मारत होती. मी म्हणाले, "तुम्ही जा. मी इथं राहते."

तिनं माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "तुमाला जमंल? त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागतंय."

"मी माझ्या आईचं केलंय."

संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. मी माझी वळकटी त्या घरात आणली. म्हातारी बोलायची कमी, पण कूस बदलून दिली की माझं मनगट धरून ठेवायची. हात सोडवून घ्यायला मला जिवावर यायचं. सकाळी तिचं आवरून, शेजारणीला सांगून मी शाळेत जायचे. शेरडं पोरगीच सोडायची. मला धार काढता येत नव्हती, तेही तीच करायची. पण माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढलं की जेवायची, गोधडी ओढून पाठ करून झोपायची.

तीन-चार दिवसांनी चुलीपाशी बसलेली असताना म्हणाली, "पप्पा रोज ऐकत हुते?"

"रोज."

"मी त्या दिशी सतराचा पाढा चुकले तवा बी?"

"तेव्हाही."

ती विचार करत बसली. "मंग मला आधी सांगाया पायजे हुतं. मी पाठ करून आले असते." आणि एवढे दिवस न रडलेली पोर तेव्हा रडली. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना चुलीच्या धुराचा वास होता. त्या रात्री ती माझ्याकडं तोंड करून झोपली.

नवरा-बायको परत आले तेव्हा तो काठी टेकत चालत होता. गावातली माणसं जमली. कुणी चहा केला, कुणी त्याला पोतं उचलण्यावरून चिडवलं. मी माझी वळकटी गुंडाळून निघाले तर तिची आई म्हणाली, "आवं, जेवून जावा की." मी थांबले नाही. घर भरलं होतं, माझं तिथं काम उरलं नव्हतं. खोलीवर आले, कुलूप काढलं. आत तव्यावर धुळीचा थर बसला होता. मी तो घासला, भाकरी केली आणि खाल्ली. मनगटावर म्हातारीच्या बोटांची पकड अजून होती असं वाटत राहिलं.

म्हातारी उन्हाळ्याच्या आधीच गेली. मग त्यांना गावात थांबायला कारण राहिलं नाही. ओझं उचलायचं त्याला बंद झालेलं. फलटणकडच्या एका साखर कारखान्यावर बसून करायचं काम मिळालं, गेटावरचं. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला बायको आली. मी सही करत होते तेव्हा ती बाकावर बसून वर्ग बघत होती, टीव्ही, खिडकी, गजाची नाडी.

"हितंच बसायची का ती?"

"पुढच्या ओळीत."

"त्या टायमाला मी लय बोलले तुमाला."

"बरोबरच बोललात."

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. दारापाशी जाऊन म्हणाली, "फलटणला आला तर या घरी," आणि उंबऱ्यावर काढलेली चप्पल पायात सरकवून गेली. टेम्पो शाळेवरूनच गेला. पोर सामानावर बसली होती. तिनं हात केला. मीही केला.

सुरुवातीला तिचे फोन यायचे. "बाई, हितली शाळा लय मोठी हाय. हितं बाया बी लय हायत." नव्या बाईंचं अक्षर, नवी मैत्रीण, उसाचे ट्रॅक्टर. मग फोन कमी झाले. मी स्वतःहून करत नाही. पोर खेळात असते, आई हाक मारून आणते आणि मग तिला काय बोलावं ते सुचत नाही. ते मला ऐकवत नाही.

मिरजेला जाणंही हळूहळू कमी केलंय. यंदा शाळेत पोरं आणखी कमी झालीत. दुपारी ती गेली की मी पूर्वेच्या खिडकीशी बसून उद्याचा खेळ मोबाईलवर तयार करते. त्यात आधी मुलांची नावं घालावी लागतात. ती फार लवकर घालून होतात. मग प्रश्न लिहीत मी अंधार पडेपर्यंत वेळ काढते.