चार माग पलीकडून

गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण लूमखात्यातले आम्ही दोन-चार म्हातारे इतवारीतल्या टपरीवर जमलो की किस्से काही संपत नाहीत. ऐकू मात्र कुणालाच धड येत नाही. मागांच्या खडखडाटात अख्खी नोकरी गेली, कान तिथंच राहिले. राग यायला हवा, पण आठवणच येते!

परवा आमचा आरडाओरडा ऐकून एक पोलीस धावत आला. "भांडन काहून करून राहिले गा?"

आमच्यातला गुलाबराव म्हणाला, "भांडन कुठं साहेब? याची तब्येत विचारून राहिलो!"

*

लूमखात्यात आम्ही नुसत्या ओठांनी बोलायचो. समोरचा चार माग पलीकडून वाचायचा. एका लग्नाच्या पंगतीत गुलाबरावानं समोरच्या रांगेतून मला तसंच कळवलं, "वरन पानचट हाये, घेऊ नको."

मुलीचा बापही लूमखात्यातलाच! नवी बादली घेऊन त्याच्यापुढं उभा. "दुसरं आनलं गा. आता मोठ्यानं सांग, कसं हाये!"

*

सुट्टीच्या दिवशी शांततेत गुलाबरावाला झोप लागायची नाही. मग त्याची बायको शांताबाई भर थंडीत बिनपाण्याचा कूलर लावायची.

शेजारीण विचारायची, "काहून वं, थंडी नाही वाजत?"

"वाजते नं! पन ह्यायले झोप लागते."

*

म्हातारपणी गुलाबरावाला धरमपेठेत कानाच्या टेस्टला नेलं. आवाज आला की बोट वर करायचं. पठ्ठ्याचं बोट दर वेळी वर! काचेपलीकडं मॅडमचा हात बटणावर गेलेला त्याला दिसत होता. मॅडमनं खुर्ची फिरवली आणि बोट खालीच राहिलं.

"बाबा, फसवता काय?"

"मॅडम, गिरणीत असाच पास होत होतो! नाही तर मागावरून काढत."

आम्ही हसलो. पण त्याला कानाचं मशीन हवं होतं ते एकाच गोष्टीसाठी. शांताबाईचा आवाज नीट ऐकायचा होता.

*

मशीन आलं आणि त्याच महिन्यात शांताबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी आणि गुलाबराव दवाखान्यात पोचलो तेव्हा ती खाटेवरून ओठ हलवून काही सांगत होती. मुलगा, सून, नर्स, कुणालाच कळेना. तिचे डोळे भरून आले.

गुलाबराव दारातूनच ओरडला, "काहून तिले छळता गा? उशी काढा, मानेले टोचून राहिली म्हनते!"

उशी काढली. शांताबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा ओठ हलवले, या वेळी बराच वेळ. गुलाबरावानं कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि तिथूनच, बिनआवाजाचं, उत्तर दिलं.

मुलगा मला म्हणाला, "काका, काय बोलून राहिले हे दोघं?"

मलाही वाचता येत होतं. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.